नकाशावरचा ठिपका थांबतो तेव्हा

गरुडांचा माग कसा काढतात, हा आजचा विषय. 'गरुड' हा शब्द आपण जरा सैलपणे वापरतो, आकाशात मोठी घार दिसली तरी लोक गरुड म्हणून मोकळे होतात. म्हणून आधीच सांगतो, आज बोलायचंय ते सोनेरी गरुडाबद्दल. भारतात तो हिमालयात आहे. पण त्याचा माग सगळ्यात चिकाटीने काढला गेला अशा जागांपैकी एक आहे स्कॉटलंड. त्या मागातून जे बाहेर आलं ते पक्षीशास्त्रापुरतं राहिलं नाही. ते पोलिसांपर्यंत गेलं आणि पुढे कायदा करणाऱ्यांपर्यंतही.

पहिल्यांदा उपकरण समजून घेऊ. पिल्लू घरट्यात असतं, पिसं जवळजवळ पूर्ण आलेली असतात, पण उडालेलं नसतं. अशा वेळी परवानाधारक माणूस कड्यावर चढून जातो आणि त्याच्या पाठीवर एक टॅग बसवतो. शाळेच्या दप्तरासारखा. मऊ पट्टे छातीपाशी एकत्र येतात आणि तिथे शिवले जातात. वजन साधारण सत्तर ग्रॅम. सोनेरी गरुड साडेतीन ते सहा किलोचा असतो आणि ओझं पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवायचं असा दंडक आहे, त्यात हे बसतं. वर छोटंसं सौर पॅनेल. टॅग जीपीएसवरून स्वतःची जागा ओळखतो आणि उपग्रहामार्फत किंवा मोबाइलच्या जाळ्यातून ती कळवतो.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. टॅग फक्त जागा कळवत नाही. स्वतःच्या बॅटरीची पातळीही कळवतो, तापमान कळवतो, पक्षी हलतोय की नाही हेही कळवतो. म्हणजे पक्ष्याच्या तब्येतीबरोबर स्वतःच्या तब्येतीचा अहवालही पाठवत असतो.

(पडद्यावर नकाशा)

हे ठिपके बघा. सुरुवातीचे काही महिने सगळे घरट्याभोवती. मग पिल्लू आईबापांचा मुलूख सोडतं आणि भटकायला लागतं. ही भटकंती तीन-चार वर्षं चालते. स्वतःचा मुलूख धरून जोडीदार मिळवेपर्यंत त्याला घर असं नसतंच. टॅग येण्याआधी या वर्षांबद्दल फार थोडं ठाऊक होतं, कारण घरट्यावरचा गरुड शोधता येतो, भटका शोधायचा कुठे?

ठिपके हजारोंनी जमा झाल्यावर भटकंतीतली शिस्त दिसू लागली. तरुण गरुड कुठेही उडत नाहीत. दहा अंशांपेक्षा जास्त उताराची जमीन, तीनशे मीटरच्या वरची उंची आणि डोंगराच्या धारेची जवळीक, या तीन गोष्टी जिथे जुळतात तिथे ते जास्त असतात. कारण सोपं आहे. वारा डोंगरावर आदळतो आणि उताराने वर चढतो. त्या वाऱ्यावर पंख पसरून बसलं की फुकटचा प्रवास. सह्याद्रीच्या कड्यावर उभं राहून घारी पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

या तीन गोष्टींवरून शास्त्रज्ञांनी एक प्रारूप बनवलं. कोणत्या डोंगरावर गरुड येण्याची शक्यता किती, हे गरुड न पाहता, नुसत्या भूगोलावरून सांगता येतं. पवनचक्क्या कुठे उभारायच्या हे ठरवताना त्याचा उपयोग होतो. कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँट खिंडीत पवनचक्क्यांच्या पात्यांनी फार गरुड मारले, म्हणून ही धास्ती होतीच. स्कॉटलंडमध्ये टॅगांनी दाखवलं ते वेगळं निघालं. तिथले गरुड पवनचक्क्यांना टाळतात. पात्यांना धडकून मरण्यापेक्षा चांगला डोंगर हातचा जाणं, हे तिथलं मोठं नुकसान.

इथपर्यंत विज्ञान सरळ होतं. मग काही ठिपके थांबायला लागले.

ऑगस्ट 2016 मध्ये बातमी आली, की इनव्हर्नेसच्या दक्षिणेकडच्या मोनालिया डोंगरांत पाच वर्षांत टॅग लावलेले आठ सोनेरी गरुड नाहीसे झाले. सरकारने चौकशी सांगितली. फिल व्हिटफील्ड आणि ॲलन फील्डिंग या दोघांनी 2004 ते 2016 मध्ये टॅग लावलेल्या 131 तरुण गरुडांची सगळी माहिती पुन्हा तपासली. अहवाल मे 2017 मध्ये आला. 131 पैकी 41 पक्षी संशयास्पद रीतीने नाहीसे झाले होते, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा.

आता तुम्ही म्हणाल, यंत्रच ते, बंद पडलं असेल. शिकारीच्या रानांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही हेच म्हटलं. माझ्या मते या अहवालाचा सगळा कस याच प्रश्नाच्या उत्तरात आहे, म्हणून इथे जरा थांबू.

गरुड उपासमारीने किंवा आजाराने मेला तर टॅग मरत नाही. तो एकाच जागेवरून कळवत राहतो, 'मी इथे आहे, हालचाल नाही.' माणसं जातात आणि बहुतेक वेळा मृतदेह सापडतो. पट्टा तुटून टॅग गळून पडला तरी तेच, टॅग गवतातून बोलत राहतो. आणि टॅग खरोखर बिघडत असेल तर तोही आधी कुरकुरतो. बॅटरी उतरत जाते, निरोप अधूनमधून चुकतात, जागा भलतीच दाखवली जाते. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते हेच. आजारी माणसाचा ताप दिसावा तसा टॅगचा ताप दिसतो.

या 41 पक्ष्यांचं तसं नव्हतं. बॅटरी उत्तम, निरोप वेळेवर, पक्षी हिंडताफिरता. आणि पुढच्या निरोपाची वेळ आली तेव्हा काहीच नाही. शोधायला गेलं तर पक्षीही नाही, टॅगही नाही.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. बिघाड असता तर तो सगळीकडे सारखा विखुरला असता. पश्चिमेकडच्या डोंगरांत आणि बेटांवर गरुड भरपूर आहेत, ढग आणि पाऊस तिकडेच जास्त, सौर टॅगला त्रास व्हायचा तर तिथे व्हावा. पण असे अचानक थांबलेले टॅग तिथे फार थोडे. ते मध्य आणि पूर्वेकडच्या काही ठरावीक पट्ट्यांत गोळा झाले होते आणि त्यांतले काही पट्टे ग्राउस पक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेले. पाणी कुठे मुरतंय हे नकाशाच सांगत होता. आणि हो, पवनचक्क्यांचा या नाहीसं होण्याशी काही संबंध सापडला नाही.

ग्राउस म्हणजे आपल्या तित्तिराच्या कुळातला पक्षी. त्याच्यासाठी माळरानावरचं हेदरचं झुडूप पाळीपाळीने जाळतात, कोवळे कोंब फुटावेत म्हणून. राखण करायला पगारी माणसं असतात. 12 ऑगस्टला हंगाम सुरू होतो आणि बंदुकीमागे मोठी रक्कम मोजणारे पाहुणे येतात. गरुडाला काय, ग्राउस आणि पहाडी ससे भरपूर आणि मुलूख धरून बसलेला दुसरा गरुड नाही. भटक्या तरुणाला यापेक्षा चांगली जागा कुठली वाटणार? तो तिथे जातो. त्याची जागा रिकामी झाली की पुढचा येतो.

(श्रोत्यांतून प्रश्न: पण कुणी मारल्याचा प्रत्यक्ष पुरावा?)

चांगला प्रश्न. काही वेळा मिळाला. 2009 मध्ये 'आल्मा' आणि 2013 मध्ये 'फर्नन', हे दोन टॅग लावलेले गरुड अँगस भागात मेलेले सापडले, दोघांनाही विषबाधा. टॅग चालू होता म्हणूनच सापडले. मारणाऱ्यांनी यातून धडा घेतला असावा, असं मला वाटतं. कारण मे 2020 मध्ये ब्रान नदीच्या काठी फिरायला गेलेल्या माणसाला शिशाच्या पत्र्यात गुंडाळलेली एक वस्तू सापडली. आत टॅग. पट्टे कापलेले, क्रमांक शाबूत. 2014 मध्ये एका पिल्लाला बसवलेला आणि 2016 मध्ये त्याच परिसरात अचानक थांबलेला हा टॅग होता. शिसं संदेश बाहेर जाऊ देत नाही. 'टॅग बिघडला असेल' या म्हणण्याला चार वर्षं पाण्यात राहिलेल्या त्या पुडीने उत्तर दिलं.

2023 च्या ऑक्टोबरमध्ये 'मेरिक' नावाची मादी दक्षिण स्कॉटलंडमध्ये नाहीशी झाली. टॅगने शेवटचं झाड दाखवलं होतं. त्या झाडाखाली पोलिसांना पिसं आणि रक्त मिळालं आणि तिला गोळी घातली गेली असा निष्कर्ष त्यांनी काढला.

(प्रश्न: टॅगचाच पक्ष्यांना त्रास होत नाही का?)

2017 च्या अहवालात हेही तपासलं होतं. टॅगमुळे पक्ष्यांचं काही बिघडल्याचं दिसलं नाही. एकूण संख्या पाहिली तर 2003 मध्ये 442 मुलूख भरलेले होते, 2015 च्या गणनेत 508. म्हणजे गरुड वाढतायत. पण पूर्वेकडच्या चांगल्या डोंगरांवर जिथे असायला हवेत तिथे अजून जागा रिकाम्या आहेत.

(प्रश्न: मग पुढे काय झालं?)

मार्च 2024 मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने कायदा केला. ग्राउसच्या शिकारीला आता परवाना लागतो. त्या जमिनीवर शिकारी पक्षी मारला गेला असं दिसलं तर परवाना स्थगित करता येतो, आणि त्याला फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. निर्जन माळावर साक्षीदार मिळणं किती कठीण, हे लक्षात घेतलं तर या तरतुदीचं मोल कळेल. टॅग बसवण्याचं काम चालूच आहे.