तान्ह्या भावंडाची तिसरी मात्रा

न्युमोकोकस हे जंतू धडधाकट मुलांच्याही नाकाघशात अनेकदा असतात. शाळेत जाणाऱ्या भावाच्या खोकल्यावाटे ते घरातील तान्ह्यापर्यंत पोहोचतात, आणि त्यास न्युमोनिया किंवा मेंदूज्वर होऊ शकतो. यावरील लस महाराष्ट्रात २०२१ पासून सरकारी लसीकरणात विनामूल्य मिळते. सहाव्या व चौदाव्या आठवड्यात दोन मात्रा. तिसरी नऊ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाच्या लसीच्या वेळी. मधल्या सुमारे पावणेसहा महिन्यांत मूल रांगू लागते, गुटगुटीत दिसते, आणि घरची माणसे निर्धास्त होतात. नेमकी हीच मात्रा राहून जाते. कामरगावच्या शिक्षकांनी पटावरील मुलांस धाकट्या भावंडांचे वय विचारावे, पालकसभेत लसीकरणाचे कार्ड मागून पाहावे, व मात्रा राहिली असल्यास आशाताईंस त्याच दिवशी कळवावे.