गोळीची पहिली उडी

पुंगळीत बसवलेली गोळी आणि नळीतल्या आट्यांची सुरुवात यांच्यात बहुधा थोडी मोकळी जागा असते. दारू पेटली की गोळी ती जागा आट्यांच्या पकडीशिवाय ओलांडते, ही ‘जंप’. गोळी आट्यांत दाबूनच काडतूस भरले, तर ‘जॅम’. हाताने काडतुसे भरणारे नेमबाज या अंतरासाठी इंचाच्या हजाराव्या भागावरून भांडतात. खरा प्रश्न मात्र गोळी आट्यांत सरळ शिरते की तिरकी, हा आहे.

त्या प्रश्नापायी मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्डच्या डॉ. फ्रँकलिन मान (१८५६–१९१६) यांनी अनेक वर्षे घालवली. शिक्षण डॉक्टरकीचे, कमाई कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडे कापणाऱ्या यंत्रांची, खर्च गोळ्यांवर. त्यांनी नळी भक्कम चौथऱ्यावरच्या ‘व्ही’ आकाराच्या खोबणीत ठेवली आणि नेमबाजाचा खांदा, श्वास, डोळा हिशेबातून काढून टाकले. वाटेत कागदी पडदे टांगून छिद्रांच्या आकारावरून गोळीचा कल वाचला. तरीही उरणाऱ्या चुकीला त्यांनी ‘एक्स-एरर’ म्हटले. मग गोळ्या मुद्दाम बिघडवल्या: टोक विद्रूप केले तर फारसे बिघडले नाही, बूड तिरके कापले तर गोळी भरकटली. गुरुत्वमध्य नळीच्या अक्षावर नसेल, तर फिरती गोळी तोंडातून सुटताच बाजूला फेकली जाते, हे त्यांनी १९०९च्या ग्रंथात मांडले.

मान यांनी वापरलेल्या नळ्यांमध्ये हॅरी पोप (१८६१–१९५०) यांच्याही होत्या. पोप शिशाची गोळी नळीच्या तोंडातून आत ढकलत आणि दारूची पुंगळी मागून भरत. आट्यांनी कोरलेल्या शिशाची उचललेली कड त्यामुळे बुडाऐवजी पुढे सरके. अशा बंदुकीत जंपच उरत नाही.

आजची तांब्याच्या आवरणाची गोळी पुंगळीतच बसते. टोकांची लांबी गोळीगणिक बदलते, म्हणून माप गोळीच्या वक्रावरच्या, आट्यांना भिडणाऱ्या रेषेपासून घेतात. लांब, निमुळत्या गोळ्या या अंतराबाबत विशेष हट्टी. बर्जर कंपनी तिच्या अशा गोळ्यांसाठी आट्यांत ०.०१० इंच आणि आट्यांपासून ०.०४०, ०.०८०, ०.१२० इंच मागे, अशा चार जागा तपासायला सांगते.

गोळी पुंगळीत बसवण्याची खोली दाबही बदलते. गोळी आट्यांना टेकली की सुरुवातीचा दाब वाढतो. फार खोल गेली की पुंगळीतली जागा घटून पुन्हा वाढतो. म्हणून खोली बदलताना दारूचे प्रमाण खालून सुरू करावे लागते. मॅगझिनची लांबी ही आणखी एक मर्यादा.

सर्व रायफलींना लागू पडेल असा आकडा नाही. झिजेने आटे पुढे सरकतात आणि कालचे अंतर आज राहत नाही. लक्ष्यावरच्या तीन गोळ्यांच्या एका सुबक झुबक्यावरून खोली ठरवणे ही तर स्वतःची फसवणूक. तेवढा झुबका योगायोगानेही जमतो. प्रत्येक खोलीवर बऱ्याच गोळ्या झाडूनही जो फरक टिकतो, तोच खोलीचा.