पेढीवरची गादी आणि पालथी झोप

व्यापारी घरात ‘गादी’ या शब्दाला दोन अर्थ असतात. एक गादी दुकानात असते. तिच्यावर पांढरी चादर, मागे लोड, पुढ्यात उतरत्या झाकणाची पेटी, आणि तिच्यावर बसण्याचा मान वडिलांकडून मुलाकडे येतो. दुसरी गादी माडीवर असते. तिचा विचार सहसा कोणी करीत नाही. पहिल्या गादीवर दिवसभर वाकून बसलेला माणूस रात्री दुसऱ्या गादीवर पालथा पडतो. सकाळी कंबर धरलेली असते, मान एका अंगाला वळत नाही, आणि दोष वाढत्या वयाला दिला जातो. पुष्कळदा तो गादीचा असतो.

पालथे झोपण्यात अडचण नेमकी कोठे येते? शरीराचा सर्वांत जड भाग धडाच्या मध्यावर, ओटीपोट आणि कमरेपाशी आहे. गादी मऊ असली की हाच भाग आत रुततो; छाती आणि गुडघे त्यामानाने वर राहतात आणि कण्याचा खालचा भाग धनुष्यासारखा आत वाकतो. शिवाय श्वासासाठी तोंड एका बाजूस वळवावेच लागते, त्यामुळे मान रात्रभर पिळलेली राहते. म्हणूनच वैद्यकीय सल्ला कुशीवर झोपण्याचा मिळतो, आणि तो योग्यच आहे. परंतु चाळीस-पन्नास वर्षांची सवय सल्ल्याने सुटत नाही. मग निदान गादी तरी त्या सवयीला साजेशी असावी.

साजेशी म्हणजे दगडासारखी कडक, असा समज आपल्याकडे खोल रुजला आहे. कंबर दुखली की ‘फळीवर झोपा’ हा घरातील वडीलधाऱ्यांचा ठरलेला उपाय. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना दोन प्रकारच्या गाद्या देऊन ९० दिवसांनी तपासणी करण्यात आली. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अतिकडक गादीपेक्षा मध्यम-कडक गादीवर अधिक आराम पडल्याचे दिसले. पालथे झोपणाऱ्याने या मध्यमाच्या किंचित कडक बाजूस राहावे, इतकाच याचा अर्थ घेता येईल. नवारीची सैल पडलेली खाट मात्र त्याच्यासाठी सर्वांत वाईट.

आता हवामानाकडे वळू. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन स्वभाव आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकरकडे रात्री थोडा तरी वारा सुटतो. खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव या पूर्णेच्या खोऱ्यातील गावांत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. उन्हाळ्यातील ही हवा मुळात कोरडी. पण आपण कूलर लावतो, खिडक्या बंद ठेवतो आणि कोरड्या हवेची दमट हवा करून त्यात झोपतो. पाठोपाठ पावसाळा येतो, त्यानंतर ऑक्टोबरचा उकाडा. म्हणजे वैशाखापासून आश्विनापर्यंत गादी ओल पीतच असते. पालथ्या माणसाची छाती आणि पोट गादीला चिकटलेले असल्याने घाम वाळण्यास जागाच उरत नाही. कूलर चालू असताना समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवली तर झोपेत पडणारा फरक कोणतीही महागडी गादी देऊ शकणार नाही.

गादीत काय भरावे, हा प्रश्न या जिल्ह्याला विचारणे म्हणजे समुद्राकाठी मीठ शोधणे. खामगावचा कापूसबाजार एकेकाळी वऱ्हाडातील अग्रगण्य बाजार होता. जलंबहून खामगावला येणारा रेल्वेफाटा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला, तो या कापसासाठीच. त्या काळचा गावरान कापूस आखूड आणि जाडसर धाग्याचा होता. सूत काढणाऱ्या गिरणीला तो कमी भावाचा वाटे, गादीला मात्र तोच उत्तम. कारण जाड तंतू दबला तरी पुन्हा फुगतो. २००२ नंतर बीटी कापसाने शेते व्यापली आणि गावरान वाण दुर्मीळ झाला. आज गादीवाल्याकडे बहुधा लांब, तलम तंतूचा कापूस किंवा गिरणीतील उरलेसुरले मिळते. ते लवकर चेपते आणि त्याचे गोळे होतात. ज्यांचा जिनिंगवाल्यांशी व्यवहार आहे, त्यांनी आखूड धाग्याची स्वच्छ रुई मागून पाहावी.

कापसाचा गुण हा की तो घाम शोषतो. सर्वसाधारण हवेत तो वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्कादेखील नाही. पण शोषलेले बाहेर पडावे यासाठी ऊन लागते, आणि दहा-बारा किलोची गादी रोज गच्चीवर कोण नेणार? येथेच बहुतेक घरे कापूस सोडून दुकानातील तयार गादीकडे वळतात.

दुकानात पहिला फसवा शब्द ‘डेन्सिटी’. ३२ किंवा ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे तितके किलो वजन. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, तो किती कडक आहे याचा नव्हे. मालाचे वजन आणि मालाची प्रत एक नसते, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावयास नको. तरीही गादी घेताना तोच विसरतो. मेमरी फोम १९६६ च्या सुमारास अमेरिकेत ‘नासा’च्या विमान-आसनांसाठी तयार झाला. उष्णतेने तो नरम पडतो, हा त्याचा धर्मच. थंड देशात हे सुख असेल. घाटाखालच्या मे महिन्यात पालथ्या माणसाचे पोट त्यात रुतते आणि उष्णताही तेथेच कोंडते. रबराचा चीक लावलेल्या काथ्याची गादी कडक असते आणि तिच्यातून वारा खेळतो. लॅटेक्सही चांगले, पण महाग; आणि अशा काही गाद्यांत वरचा थर लोकरीचा असतो, तेव्हा ज्या घरात लोकर, रेशीम वर्ज्य आहे त्यांनी बिलापूर्वीच विचारून घ्यावे.

सर्वांत सोयीची जोडणी दोन थरांची. खाली चार इंची काथ्याची गादी, वर दीड-दोन इंची कापसाची. खालची आधार देते, वरची घाम टिपते. आणि ही पातळ गादी घरातील कोणीही उन्हात नेऊ शकते. दुकानात गादीवर हात दाबून काही कळत नाही. दहा मिनिटे पालथे पडावे आणि सोबतच्या माणसास बाजूने पाहण्यास सांगावे. खांदा, कंबर आणि घोटा साधारण एका रेषेत दिसला तर ठीक. कंबर खाली गेली असेल तर ती गादी सोडावी. उशी पातळ असावी किंवा नसावीच. सावरीच्या कापसाची चपटी उशी हलकी आणि कोरडी राहते. जुनी चादर घडी करून ओटीपोटाखाली घेतली तर कंबरेचा बाक बराच कमी होतो. याला तर खर्चही नाही.

पेटीपलंगाबद्दल एक तक्रार नोंदवलीच पाहिजे. खाली सामान ठेवण्याच्या लोभाने आपण गादी बंद प्लायवूडवर टाकतो. खालून वारा नाही, वरून घाम. श्रावणात ती उचलली की तळाशी बुरशीचे काळे ठिपके दिसतात. फळ्यांमध्ये बोटभर अंतर ठेवावे किंवा प्लायला भोके पाडून घ्यावीत. बुरशी आणि ढेकूण झाल्यावर औषध फवारण्याची वेळ येते, आणि मग घरातील श्राविकेचा जीव तुटतो. जयणा त्याआधीची आहे: दर पाच-सहा दिवसांनी गादी उभी करून ठेवणे, शिवणीचे कोपरे पाहणे, पावसाची उघडीप मिळताच वरचा थर वाळविणे. रेक्झिनचे आवरण ओल आत कोंडते, ते काढून धुवट सुती खोळ घालावी.

ही सारी चर्चा मोठ्यांची आहे. तान्ह्या बाळाला कधीही पालथे निजवू नये. पालथ्या झोपेत अर्भकाच्या आकस्मिक मृत्यूचा धोका वाढतो, हे जगभर मान्य झाले आहे. त्याला उताणेच, सपाट आणि कडक गादीवर, उशीवाचून ठेवावे. मोठ्यांपैकीही ज्यांच्या हातापायांस मुंग्या येतात, त्यांनी गादी बदलण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे.

जुनी कापसाची गादी टाकून देण्याची मात्र घाई नको. वैशाखात, मृगाच्या आधी ती पिंजून घ्यावी, आणि गादीवाल्यास दोन गोष्टी मुद्दाम सांगाव्यात: मधल्या भागात कापूस थोडा अधिक भरावा, आणि टाके तेथे जवळजवळ घालावेत. पालथ्या माणसाचा भार तेथेच येतो.