मॉडेल राहू द्या, मोजमाप दाखवा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात गर्दी कुठे होते हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. जिथे काही फिरतं, पेटतं किंवा फसफसतं तिथे! थर्माकोलचा ज्वालामुखी आणि पवनचक्की यांना अजून मरण नाही. शालेय विद्यार्थ्यांचा जगातला सर्वांत मोठा विज्ञान मेळा म्हणजे अमेरिकेत दर मे महिन्यात भरणारा ‘आयसेफ’. तिथे मात्र टेबलावर पाणी, माती, रसायनं, खाद्यपदार्थ, जिवंत जीव यांतलं काहीच ठेवता येत नाही. विद्यार्थ्याच्या हाती उरतात एक फलक, प्रयोगाची वही आणि स्वतःचं तोंड. परीक्षक विचारणार, ‘हे कशानं मोजलंस? किती वेळा?’

हा मेळा 1950 साली फिलाडेल्फियात सुरू झाला, तेव्हा अंतिम फेरीत जेमतेम 30 मुलं होती. 1958 मध्ये परदेशी विद्यार्थी आले. आता नववी ते बारावीची दीड हजारांवर मुलं साठाहून जास्त देशांतून येतात. भारताचा संघ ‘आयरिस’ या राष्ट्रीय मेळ्यातून निवडला जातो.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या मुलांना विषय शोधायला लांब जावं लागणार नाही. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस वर्तमानपत्रांत वारंवार झळकतो. फेस धरणाऱ्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून राहतं, दुसरं पाण्यापासून पळतं. बंधाऱ्यावरून पाणी आदळलं की हवा आत कोंडली जाते आणि हे रेणू बुडबुड्याभोवती पातळ पडदा धरतात. कपड्यांच्या नि भांड्यांच्या साबणात असेच रेणू असतात. एवढं पुस्तकात मिळतं. प्रकल्प सुरू होतो तो पुढे.

देहू, मोशी आणि आळंदी इथलं पाणी एकाच दिवशी आणायचं. सारख्या मापाच्या नळ्यांत सारखंच भरायचं, ठरावीक वेळा हलवायचं आणि फेसाची उंची दर मिनिटाला मिलिमीटरमध्ये लिहायची. जोडीला नळाचं साधं पाणी आणि मोजून साबण घातलेलं पाणी, म्हणजे तुलनेला आधार मिळतो. प्रत्येक चाचणी निदान तीनदा. हातमोजे घालायचे, कारण नदीत सांडपाणी आहे. त्यातले जंतू घरी वाढवून बघण्याचा मोह मात्र आवरायचा: आयसेफच्या नियमांत घरात सूक्ष्मजीव वाढवायला सक्त मनाई आहे, त्यासाठी योग्य प्रयोगशाळा लागते. माणसांवर प्रयोग असेल तर आधी परवानगी, मग काम. नोंदीही जास्तीत जास्त सलग बारा महिन्यांच्याच चालतात.

गंमत अशी की परीक्षकांचे हे सगळे प्रश्न भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये रोज विचारले जातात. क्वालिटीवाला मायक्रोमीटर हातात घेतो तेव्हा आधी त्यावरचं कॅलिब्रेशनचं स्टिकर बघतो. तारीख उलटून गेली असेल तर त्या मापाला किंमत नाही. एक पीस बरोबर आला म्हणून लॉट पास होत नाही. रिजेक्शन आलं की कारणाचं कारण खणून काढावं लागतं. हेच शिस्तीचं काम आई-वडील आठ तास करतात आणि घरी मुलगा प्रदर्शनासाठी थर्माकोल कापत बसलेला असतो. या विरोधाभासाचं खरं तर आश्चर्य वाटायला हवं.

पुण्याच्या हंसा पद्मनाभन हिने 2006 च्या आयसेफमध्ये पदार्थविज्ञानात पारितोषिक मिळवलं. ‘आयुका’ या संशोधन संस्थेतले दिवंगत खगोलभौतिकशास्त्रज्ञ थाणू पद्मनाभन यांची ही कन्या. विजेत्यांची नावं लघुग्रहांना देण्याच्या उपक्रमात 21575 क्रमांकाचा लघुग्रह ‘पद्मनाभन’ झाला, आणि ती स्वतःही पुढे विश्वरचनाशास्त्रज्ञ झाली. घरात संशोधक असणं हा मोठा आधार, हे कबूल. पण आधार एकाच प्रकारचा नसतो, कारखान्यातली शिस्त हाही आधारच.

2025 साली कोलंबसमध्ये भरलेल्या आयसेफमध्ये सर्वोच्च पारितोषिक स्लोव्हाकियाच्या अ‍ॅडम कोवाल्चिकने पटकावलं. गॅलिडेसिव्हिर या विषाणूरोधी औषधाची कृती त्याने कमी पायऱ्यांत बसवली, सुरुवात मक्याच्या अवशेषांपासून मिळणाऱ्या अल्कोहोलने केली. त्याच्या हिशेबाने ग्रॅममागे खर्च 75 डॉलरवरून साडेबारा डॉलरवर येतो. औषध तेच, पण करण्याची रीत स्वस्त! पिंपरीला ही भाषा परकी नाही. 1954 मध्ये इथेच हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती पेनिसिलिन देशातच बनवण्यासाठी.

चिंचवडला ऑटो क्लस्टरजवळ महापालिकेचं सायन्स पार्क आहे, केंद्राच्या ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत निवडलेल्या कल्पनेला 10,000 रुपये मिळतात. तेव्हा सुरुवातीची सोय आहे. कमी आहे ती मुलांसोबत बसून आकडे तपासणाऱ्या माणसांची. टूलरूममध्ये, क्वालिटीत, लॅबमध्ये काम करणाऱ्यांनी महिन्यातला एखादा रविवार जवळच्या शाळेला द्यावा. व्हर्नियरचा लीस्ट काउंट कसा काढायचा, इथपासून सुरुवात केली तरी चालेल.