दुसरा स्कॅनर हवा, तो वेगळ्या घराण्याचा

‘लॅपटॉपवर एक अँटिव्हायरस आहेच. आणखी एक टाकला तर संरक्षण दुप्पट होईल का? आणि टाकायचाच तर कोणता?’ असे एका वाचकाने विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. सतत जागे राहणारे दोन अँटिव्हायरस एकाच संगणकावर ठेवू नयेत. असा प्रोग्रॅम विंडोजमध्ये खोलवर बसतो आणि उघडली जाणारी प्रत्येक फाइल आधी स्वतः पाहतो. दोघे बसले, की एकाने तपासायला घेतलेली फाइल दुसराही तपासू लागतो, एकाने अलग ठेवलेल्या व्हायरसवर दुसरा झडप घालतो आणि संगणक रखडतो. म्हणूनच बाहेरचा अँटिव्हायरस बसवला, की मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आपणहून बाजूला होतो. दुसरा थर हवा तो मागणीनुसार चालणाऱ्या स्कॅनरचा. आपण सांगू तेव्हा तो डिस्क तपासतो, अहवाल देतो आणि बंद होतो.

आता कोणता, हा खरा प्रश्न. इथे ‘संपूर्ण संरक्षण’ देणाऱ्या जाहिराती पुढे सरसावतात. त्या वाचल्या, की मला फ्रेड कोहेन आठवतात. 1983 मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असताना त्यांनी इतर प्रोग्रॅममध्ये स्वतःची प्रत घुसवणारा प्रोग्रॅम करून दाखवला. त्याला ‘व्हायरस’ हे नाव सुचवले त्यांचे प्राध्यापक लेन ॲडलमन यांनी. ‘आरएसए’ या प्रसिद्ध कूटपद्धतीतला ‘ए’ त्यांचाच. व्हायरस घरोघरी पोहोचला, पण कोहेन यांनी 1984 च्या निबंधात मांडलेला युक्तिवाद फार थोड्यांना ठाऊक आहे. तो इतका देखणा आहे, की इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

समजा, कधीही न चुकणारा स्कॅनर कुणी बनवला. आता असा प्रोग्रॅम लिहा, जो सुरू होताच त्याच स्कॅनरला विचारतो, ‘मी व्हायरस आहे का?’ उत्तर ‘हो’ आले, तर तो गप्प बसतो. ‘नाही’ आले, तर पसरतो. स्कॅनरने काहीही म्हटले तरी तो चुकलाच! अॅलन ट्यूरिंग यांनी 1936 मध्ये संगणनाच्या मर्यादा ज्या रीतीने सिद्ध केल्या, त्याच वळणाचा हा तर्क आहे. अचूक स्कॅनर अजून कुणाला जमलेला नाही, एवढेच कोहेन सांगत नाहीत. तो कधीच जमणार नाही, असे ते सांगतात. त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता घातली तरीही.

प्रत्येक स्कॅनरच्या हातून काही ना काही निसटणार, म्हणून तर दुसरा हवा. आपला मनातला हिशेब असा असतो: पहिल्याच्या हातून शंभरातले दोन सुटतात असे धरू, दुसऱ्याच्याही दोन; म्हणजे दोघांच्याही हातून सुटणारे दहा हजारांत फक्त चार. हे गणित दोघांच्या चुकांचा एकमेकींशी काही संबंध नसेल तरच खरे. जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन या संगणकशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये नेमके हेच गृहीतक तपासले. अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी एकच काम करणारे 27 प्रोग्रॅम स्वतंत्रपणे लिहिले आणि प्रत्येकाच्या दहा लाख चाचण्या झाल्या. सुटे पाहिले तर प्रोग्रॅम बहुतेक उत्तम होते, पण ते अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वेळा एकाच ठिकाणी, एकत्र चुकले. प्रश्नातली अवघड जागा अनेकांना सारखीच चकवून गेली होती.

स्वतंत्रपणे लिहिलेल्या प्रोग्रॅमची ही गत, तर एकाच इंजिनावर, म्हणजे व्हायरस ओळखणाऱ्या एकाच गाभ्यावर, चालणाऱ्या दोन स्कॅनरची काय? नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चारही नावे आज जेन डिजिटल या एकाच कंपनीकडे आहेत. रोमानियाच्या बिटडिफेंडरचे इंजिन इतर कंपन्याही परवान्यावर वापरतात. एम्सिसॉफ्ट आणि जी डेटा ही त्यातलीच. घरात बिटडिफेंडर असताना दुसरे मत एम्सिसॉफ्टचे घेतले, तर बराचसा भाग पहिल्याच मताचा असतो. म्हणून निवडीचा पहिला नियम असा: इंजिनाचे घराणे वेगळे हवे. डिफेंडर वापरणाऱ्याने ईसेटचा ऑनलाइन स्कॅनर किंवा मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती घ्यावी. तिच्यातला सतत पहारा देणारा, मर्यादित मुदतीचा भाग मात्र बंद करावा. मुख्य अँटिव्हायरस दुसऱ्या कंपनीचा असेल, तर विंडोजमधली डिफेंडरची ‘ठरावीक काळाने तपासणी’ चालू करावी. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राने 2017 पासून मोफत साधने दिली आहेत. त्यात पुण्याच्या क्विक हीलचेही आहे.

घराण्याइतकीच पाहण्याची जागाही महत्त्वाची. 2005 च्या ऑक्टोबरमध्ये विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच स्वतःच्या संगणकावर एक साधन चालवून पाहत होते. ते साधन फाइलींची यादी विंडोजकडून मागे, मग डिस्क थेट वाचून दुसरी यादी करी आणि दोन्ही ताडून पाही. याद्या जुळेनात! सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीने, कॉपी रोखण्याच्या नावाखाली, विंडोजला विशिष्ट अक्षरांनी सुरू होणाऱ्या साऱ्या फाइली लपवायला लावले होते. थोड्याच दिवसांत गुन्हेगारांनी आपले व्हायरस त्याच पडद्याआड दडवले आणि सोनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. विंडोजच खोटे बोलत असेल, तर तिच्या आत चालणारे दहा स्कॅनरही तेच खोटे ऐकतील. म्हणून संशय दाट असेल तेव्हा डिफेंडरची ऑफलाइन तपासणी करावी. ती संगणक पुन्हा सुरू करून, विंडोज जागी होण्याआधीच डिस्क पाहते.

स्कॅनर नेहमी मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहेत’ म्हणत उगवणाऱ्या खिडकीतून कधीच नव्हे. तो दरवेळी ताजा हवा. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर तर उतरवल्यापासून दहा दिवसांनी चालतच नाही, आणि ते योग्यच आहे. सापडलेली फाइल लगेच पुसू नये, अलग ठेवावी. 21 एप्रिल 2010 रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अद्ययावत व्हायरस-यादीने विंडोज एक्सपीचीच एक आवश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि असंख्य संगणक पुन्हा पुन्हा बंद पडू लागले. चांगल्याला वाईट ठरवण्याची चूकही स्कॅनर करतात.

हे सारे सांभाळून निवड करायची, तर प्रत्येक कंपनीने आपल्या स्कॅनरमधले इंजिन कुणाचे, हे डाउनलोडच्या बटणाशेजारीच लिहायला हवे. काही कंपन्या ते मोकळेपणाने सांगतात. इतरांनाही ग्राहकांनी तसे विचारावे. ‘शंभर टक्के’ हा आकडा कोहेन यांनी 1984 सालीच खोडला आहे. त्यापेक्षा इंजिनाचे नाव आपल्या कितीतरी अधिक कामाचे आहे.