मॉस्कोच्या दप्तरातील चौल

पेणला आमच्या बालपणी जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या सुमारास वह्या-पुस्तकांना कव्हरे घालण्याचा जो सोहळा घरोघर चाले, त्यात 'सोव्हिएत देश' या नियतकालिकाच्या गुळगुळीत पानांना विशेष मागणी असे. आणि बाहेर गणपतीच्या कारखान्यांतून शाडू मळली जात असता ओसरीवर बसून आम्ही क्रेमलिनचे तांबडे बुरूज गणिताच्या वहीवर बेतून दुमडीत असू. मॉस्को या नगराशी माझा परिचय असा झाला. पुढे अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' आणि अण्णाभाऊ साठे यांचे 'माझा रशियाचा प्रवास' ही पुस्तके हाती आली, तेव्हा त्या चित्रांत माणसे चालू लागली.

काणेकर गेले ते एका सुशिक्षित, जिज्ञासू मध्यमवर्गीयाच्या दृष्टीने. अण्णाभाऊंचे प्रकरण मात्र सर्वस्वी निराळे. वाटेगावाहून आईबापांसमवेत पायी चालत मुंबईस आलेला, शाळेचा उंबरठा जेमतेम ओलांडलेला आणि घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून 'फकिरा' लिहिणारा हा शाहीर १९६१ साली मॉस्को आणि लेनिनग्राड पाहून आला. व्होल्गेकाठच्या झुंजीवरचा 'स्टालिनग्राडचा पोवाडा' त्याने त्याच्या बरीच वर्षे आधी, १९४३ साली, रचला होता. निमंत्रित पाहुण्यास यजमान जे दाखवितात तेच बहुधा दिसते, ही मर्यादा ध्यानी ठेवूनच ते पुस्तक वाचले पाहिजे. तथापि ज्याने दारिद्र्य अंगावर वागविले आहे, त्याला परक्या शहरातील रस्ता आणि घर ही केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहताच येत नाहीत, आणि म्हणूनच त्या लहानशा पुस्तकाला मी पुष्कळ जाडजूड प्रवासवर्णनांच्या वरचे स्थान देतो. २०२२ च्या सप्टेंबरात मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा उभा राहिला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

परंतु या येण्याजाण्याचा आरंभ विसाव्या शतकातला नव्हे. रोह्याच्या पुलाखालून वाहणारी कुंडलिका पुढे रेवदंड्याशी ज्या खाडीने सागरास मिळते, त्या खाडीवरच्या चौल बंदरात, वास्को द गामा कालिकतास येण्याच्या पाव शतकाहूनही अधिक काळ आधी, अफानासी निकितिन नावाचा एक रशियन सौदागर उतरला होता. व्होल्गेकाठच्या त्व्हेर शहराचा हा रहिवासी. नदीच्या खालच्या अंगाला, अस्त्राखानच्या बाजूस, तातारांनी त्याचा माल लुटला, आणि रिकाम्या हाताने घरी परतावे तर कर्जाची धास्ती, म्हणून तो दरबंद, बाकू, इराण असे मुलूख तुडवीत हुर्मुझला पोहोचला आणि तेथून गलबतात बसला. बरोबर विकावयास एक घोडा होता. किनाऱ्यावरची उघडी माणसे, स्त्रियांची एकपदरी वेणी, गोरा मनुष्य पाहून पाठीमागे लागणारी गर्दी, हे सारे त्याने टिपून ठेवले.

चौलाहून आठ दिवसांत पाली, तेथून दहा दिवसांत उमरी आणि आणखी काही दिवसांत जुन्नर, असा मुक्कामांचा हिशेब तो देतो. ही पाली म्हणजे रोह्याच्या शेजारची, सुधागडची पाली असावी, असे मला वाटते; डोंगराकडे जाणारी वाट तीच. आठ दिवस हा काळ त्या अंतरास फार खरा, पण मालासह रखडत जाणाऱ्या काफिल्याचा वेग आजच्या एस.टी.वरून मोजणे योग्य नव्हे. जुन्नरला पावसाळा लागला. चार महिने अहोरात्र पाणी आणि चिखल, अशी त्याची नोंद आहे, आणि आषाढात सह्याद्रीच्या आसऱ्याने राहणाऱ्या कोणासही ती वाचून लेखकाच्या सच्चेपणाविषयी शंका उरणार नाही. तेथल्या अंमलदार असदखानाने घोडा जप्त केला आणि धर्म बदलशील तरच तो परत मिळेल, अशी अट घातली. खुरासानच्या ख्वाजा महंमदाने रदबदली केली म्हणून धर्मही वाचला आणि घोडाही सुटला. पुढे बिदरला जाऊन त्याने तो विकला.

रेवदंड्यास त्याचे स्मारक आहे. त्व्हेर मात्र त्याला पुन्हा दिसले नाही. परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्क गाठण्यापूर्वीच, त्याला मृत्यू आला. त्याच्या हस्ताक्षरातल्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोस नेल्या, १४७५ साली त्या तिथल्या महाराजांच्या चिटणिसाच्या, वसिली मामिरेव्हच्या, हाती पडल्या, आणि तेथल्या बखरीत, रशियन जिभेला वळले तसे 'चिविल' असे, आमच्या खाडीवरच्या बंदराचे नाव लिहिले गेले.