पंच्याहत्तरचा बोअर

छोटा हत्ती म्हणजे अर्धी इंडिका, असं म्हटलं की ऐकणाऱ्याला पटत नाही. पण दोघांचे आकडे शेजारी मांडून बघा. इंडिकाचं डिझेल इंजिन चार सिलिंडरचं, १४०५ सीसी. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, दोन सिलिंडरचा, ७०२ सीसी. दोन्हींत बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७५ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७९.५ मिलिमीटर. आतलं माप तेच, सिलिंडर तेवढे निम्मे. बार्शीटाकळीत सरकीच्या पोत्यांपासून लग्नाच्या मंडपापर्यंत सगळं वाहून नेणाऱ्या या गाडीच्या पोटात कारचं रक्त आहे.

टाटांच्या इंजिनाचं नाव ऐकूनच हे कळतं. इंडिकाचं ४७५, म्हणजे चार सिलिंडर आणि ७५चा बोअर. एसचं २७५. ट्रकमधलं ६९७ घ्या, सहा सिलिंडर आणि ९७चा बोअर. ट्रकच्या मिस्त्रींना हे तोंडपाठ असतं. शोरूममध्ये उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला मात्र कोणी सांगत नाही.

या ७५च्या बोअरची खरी गंमत पुढे आहे. इंडिका डिसेंबर १९९८मध्ये बाजारात आली. तिचं पेट्रोल इंजिनही १४०५ सीसीचंच होतं. मग २००६चा अर्थसंकल्प आला. चार मीटरपेक्षा आखूड गाड्यांवरचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. अट एवढीच, की पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत हवं आणि डिझेल १५००च्या आत. डिझेल इंडिका हात न लावता सवलतीत बसली. पेट्रोल इंडिका मात्र दोनशे सीसींनी बाहेर राहिली.

त्यानंतर १.२ लिटरची इंडिका झीटा आली, ११९३ सीसी. वहीत गणित मांडा : बोअर ७५चाच, स्ट्रोक ६७.५. म्हणजे सिलिंडरचा व्यास तसाच ठेवला आणि पिस्टनची धाव १२ मिलिमीटरनी कमी केली. बोअरला हात का लावला नाही? कारखान्यात ब्लॉक ओतायचे साचे आणि सिलिंडर कोरायची यंत्रं एका ठरावीक अंतरावर बांधलेली असतात. ते अंतर बदलायचं तर अख्खी लाइन बदलावी लागते. क्रँक बदलणं त्या मानाने कितीतरी स्वस्त. म्हणून जगभर एकाच ब्लॉकमधून लहानमोठी इंजिनं काढताना पुष्कळदा क्रँकच बदलतात. सीसी वाढवायची असो की घटवायची, ही वाट चालते.

पण एकटी क्रँक बदलून भागत नाही. स्ट्रोक १२ने घटला की पिस्टन वर सहा मिलिमीटर कमी चढतो आणि खाली सहा मिलिमीटर कमी उतरतो. वरचे ते सहा मिलिमीटर रिकामे राहिले तर हेडखाली पोकळी उरते आणि कॉम्प्रेशन बसतं. ती भरायची तर कनेक्टिंग रॉड लांब करा, नाहीतर गजन पिनपासून माथ्यापर्यंत उंच असलेला पिस्टन घ्या. वाढवताना बरोबर उलटं. क्रँक लांब केली आणि जुनाच रॉड-पिस्टन ठेवला, तर पिस्टन डेकच्या, म्हणजे ब्लॉकच्या माथ्याच्या, वर येऊन हेडला किंवा व्हॉल्व्हला धडकेल. क्रँक, रॉड आणि पिस्टन ही तिघांची जोडणी आहे. एकाला बदललं की उरलेल्या दोघांना विचारावंच लागतं.

आता आमच्या गावाकडच्या गॅरेजमध्ये या. गाडी धूर मारायला लागली, ऑइल खायला लागली की इंजिन खुलतं आणि ब्लॉक बोअरला जातो. एक तरुण गिऱ्हाईक उस्तादांना म्हणत होता, “बोअर मोठाच करून द्या न, गाडी पयाली पाह्यजे.” उस्ताद बोअर गेज पुसत म्हणाले, “मोठा करून देतो बापू. पण मंग पाणी कुठून फिरवू?”

त्या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं. ७५चा बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढवला तर १४०५चे १४२४ होतात. फरक १९ सीसीचा, चालवताना कळणारही नाही. पूर्ण १५०० हवे असतील तर बोअर ७७.५ करावा लागतो. अडीच मिलिमीटर ऐकायला थोडं वाटतं, पण दोन सिलिंडरांमधली भिंत तेवढीच पातळ होते, आणि सिलिंडरच्या भिंतींपलीकडे पाण्याचे रस्ते असतात. तिथे भिंत तापली की हेड गॅस्केट आधी जातं, मग ब्लॉक. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीशीकडे सरकणाऱ्या अकोल्यात तर हा धोका दुप्पट.

कारखान्यात मात्र बोअर वाढवलेला खपतो, कारण तिथे ब्लॉकच तेवढा जाड ओतलेला असतो. याचा पुरावा आपल्या शेतात उभा होता. बी-२७५ ट्रॅक्टर मूळचा इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या इंग्लंडमधल्या डॉनकास्टर कारखान्याचा. आपल्याकडे १९६०च्या दशकात महिंद्रांच्या भागीदारीतून तो बनू लागला. त्याच्या इंजिनाचा बोअर तीन पूर्णांक तीन अष्टमांश इंच आणि स्ट्रोक चार इंच, म्हणजे सुमारे २३५० सीसी. पुढे त्याच घराण्यात बोअर फक्त अष्टमांश इंचाने वाढला, साडेतीन इंच झाला. सीसी झाली २५२३. हा आकडा ओळखीचा वाटतो ना? बोलेरोच्या माहितीपत्रकावर कित्येक वर्षं तोच होता. तिथे स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर लिहिलेला असे. त्याला २५.४ने भागा, नेमके चार इंच येतात. जुन्या ट्रॅक्टरचं माप काळीपिवळीतून आणि बोलेरोतून इतकी वर्षं फिरत राहिलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

नॅनोचा किस्सा याहून वेगळा, कारण तिथे आधाराला जुना ब्लॉकच नव्हता. एसची धुरा सांभाळलेले गिरीश वाघ, पुण्याच्या एमआयटीत शिकलेले अभियंता, यांच्याकडेच नॅनो आली. पहिलं इंजिन ५४० सीसीचं होतं. गाडीला ताकद कमी पडली. ते ५८६वर नेलं, तरी समाधान झालं नाही, आणि शेवटी ६२४वर गाडी थांबली : दोन सिलिंडर, बोअर ७३.५ आणि स्ट्रोकही ७३.५. दोन सिलिंडरांचे हादरे मारायला आत एक बॅलन्सर शाफ्ट बसवला. एक लाखाच्या गाडीत एकेका रुपयाचा हिशेब चालू असताना सीसी दोनदा वाढवणं म्हणजे झालेलं काम पुन्हा मांडायला बसणं. १० जानेवारी २००८ला दिल्लीत गाडीवरचा पडदा सरकला तेव्हा टाळ्या किमतीला मिळाल्या. माझ्या मते त्यातल्या निम्म्या त्या दोनदा बदललेल्या इंजिनाच्या होत्या.

कधी सीसी न्यायालयही ठरवतं. डिसेंबर २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. महिंद्रांचं २१७९ सीसीचं एमहॉक त्यात अडकलं. जानेवारीत त्याच इंजिनाचा १.९९ लिटरचा अवतार एक्सयूव्ही ५०० आणि स्कॉर्पिओत आला. ऑगस्ट २०१६मध्ये बंदी उठली.

म्हणून गाडीची सीसी वाढवायची हौस असलेल्या आमच्याकडच्या पोरांना एक सांगणं आहे. ही सीसी आरसी बुकात छापलेली असते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार तिथली नोंद आणि गाडी यांत फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. खाजगी कारच्या थर्ड पार्टी विम्याचे टप्पेही १००० आणि १५०० सीसीवर बदलतात. दुरुस्तीचा बोअर करणार असाल तर पिस्टन आधी आणा, पिस्टन मोजून मगच बोअर करायला सांगा, आणि बोअरचं जुनं माप, नवं माप व पिस्टनची साइज बिलावर लिहून घ्या. पुढच्या वेळी इंजिन खुलेल तेव्हा ब्लॉकमध्ये अजून किती जीव उरलाय हे त्या बिलावरूनच कळेल. आणि क्रँक बदलून सीसी वाढवायचं खरंच मनात असेल, तर इंजिन खोलण्याआधी अकोल्याच्या आरटीओत जाऊन विचारून या.